भाकरी तो करतो, तालमीला कोण जाणार?

मला आठवा महिना चालू आहे आणि गेले पाच महिने आमच्या घरातल्या रोजच्या भाकरी माझा नवरा करतो. ही दुसरी बातमी आमच्या गल्लीत पहिलीपेक्षा जास्त वेगानं पसरली. समोरच्या काकू दूध घ्यायला बाहेर आल्या की थांबून विचारतात, "आज काय केलं गं त्यानं?" शाळेत मधल्या सुट्टीत मी डबा उघडला की स्टाफरूममधल्या सगळ्या जणी वाकून बघतात. ज्वारीची भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्यांची भाजी, शेंगदाण्याची चटणी. "त्यानं केलं? एकट्यानं? नशीबवान आहेस बाई!"

लग्नानंतरची सहा वर्षं मी रोज पहाटे पाचला उठून हेच सगळं करत होते. दोघांचे डबे, सासूबाईंचं दुपारचं जेवण, संध्याकाळच्या भाजीची तयारी, आणि मग धावतपळत सकाळची शाळा. त्या सहा वर्षांत काकूंनी माझ्या नवऱ्याला कधी थांबवून "आज काय केलं रे तिनं? नशीबवान आहेस" असं म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

या कौतुकाचा मला राग येतो. पण नुसता राग सांगायला मी लिहायला बसलेली नाही. या पाच महिन्यांत आमच्या घरात काही चांगल्या गोष्टी घडल्या, एक मोठं भांडण झालं, आणि त्या भांडणातून मला एक गोष्ट उमगली. मूल होऊ घातलेल्या सगळ्याच जोडप्यांच्या बाबतीत ती खरी असावी असं वाटतं, म्हणून आपल्या गटांपुढे मांडते.

आधी स्वयंपाकघराबद्दल. तिसऱ्या महिन्यात फोडणीच्या वासानंच मला उलटी व्हायला लागली, तेव्हा तो ओट्यापाशी उभा राहिला. मी बाहेरच्या खोलीत कॉटवर पडले. आतून हाका सुरू झाल्या. हिंग कुठाय? आमसुलं कुठल्या बरणीत? डाळीला किती शिट्ट्या? भाताला पाणी किती? एका संध्याकाळी मी मोजलं. आमटी-भात होईपर्यंत त्यानं मला चौदा हाका मारल्या आणि मी पाच वेळा उठून आत गेले. म्हणजे हात त्याचे चालले होते आणि डोकं माझंच. त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं की आज सगळा स्वयंपाक आपण केला.

मग आम्ही ठरवलं की पंधरा दिवस मी एकाही हाकेला ओ द्यायची नाही. पहिल्या आठवड्यात आम्ही बरंच अळणी खाल्लं. मटकी आदल्या दिवशी भिजत घालायची असते, मग बांधून ठेवायची असते, हे त्याला ज्या सकाळी उसळ करायची होती त्या सकाळी कळलं. त्या दिवशी दोघांच्या डब्यात भडंग गेलं. ज्वारीचं पीठ संपल्याचं परातीपाशी बसल्यावर लक्षात आलं आणि गिरणी तर बंद झालेली. पण दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्याच्या अक्षरात नोंदी दिसायला लागल्या. दळण. सिलिंडर. मटकी भिजत. दही विरजण. त्या नोंदी पाहून मला ताज्या भाकरीपेक्षा जास्त बरं वाटलं. उद्याची चिंता आज रात्री करायची, हा स्वयंपाकातला सगळ्यात न दिसणारा भाग असतो, आणि तो त्याच्या डोक्यात जाऊन बसला होता.

आपण बायकासुद्धा "हल्ली तो मला मदत करतो" असं सहज म्हणून जातो. मदत म्हटलं की काम मुळात आपलंच आहे हे आपणच कबूल केलं. जेवतात तिघं आणि काम मात्र एकीचं, हे कोणत्या हिशेबानं?

सासूबाई आमच्याजवळच असतात. त्यांचे गुडघे दुखतात. पहिल्या दिवशी मुलाला परात घेऊन बसलेलं बघितल्यावर त्या भिंतीला धरत आत आल्या आणि म्हणाल्या, "मी काय मेले का? ऊठ तिथनं." मी दारात उभी राहून हे ऐकत होते आणि मला भीती वाटली ती याचीच. मी बाजूला झाले आणि माझ्या जागी सत्तरीला टेकलेली बाई बसली, तर बदललं काय? घरातला पुरुष स्वयंपाकघरातून सुटतो तो नेहमी दुसऱ्या कुठल्या तरी बाईच्या जिवावर. त्या दिवशी तो म्हणाला, "आई, तू बस. मला शिकव." एवढं वाक्य त्यानं स्वतःहून म्हटलं, हे मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवते.

सासूबाई स्टूलावर बसून शिकवायला लागल्या. पाणी कोमट घे. पीठ चांगलं मळ, अजून मळ, तळहातानं रगड. थापताना बोटं पसरू नको. तव्यावर टाकलीस की वरनं पाण्याचा हात फिरव. पहिले आठ-दहा दिवस भाकरीच्या कडा फाटत होत्या. मग एक भाकरी निखळ गोल उतरली आणि आचेवर टम्म फुगली. त्यानं ती चिमट्यानं उचलून थेट सासूबाईंच्या ताटात टाकली. त्या म्हणाल्या, "मला मागनं दे. तुम्ही घ्या आधी." तो ऐकेना. त्यांनी पापुद्रा उचलला, वाफ आली, त्यात मीठ-तेल घालून एक घास खाल्ला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग त्यांनी सांगितलं. याच मुलाच्या वेळी त्या तासगाव तालुक्यातल्या सासरी होत्या. घरात अकरा माणसं. सकाळ-संध्याकाळ भाकरी त्या थापायच्या. पुरुष जेवायचे, मुलं जेवायची, मग थोरल्या जावा, आणि शेवटी त्या. तोवर तवा गार झालेला असायचा. "मला डोहाळे कसले लागले होते सांगू? गरम भाकरीचे. तव्यावरनं थेट ताटात पडलेल्या. लाजेपायी कुणाला बोलले नाही. काय सांगणार? रोज वीस-बावीस भाकरी आपल्याच हातांनी करते आणि गरम भाकरी खावीशी वाटते म्हणून?"

आयुष्यभर भाकरी थापणाऱ्या बाईला गरम भाकरीचे डोहाळे लागावेत आणि ते तिनं लपवावेत, याहून आपल्या समाजातल्या स्वयंपाकाची वेगळी कहाणी काय सांगायची? आपल्याकडे बाईला "तुला काय खावंसं वाटतं?" हा प्रश्न विचारायची रीत आहे, पण ती या नऊ महिन्यांपुरती. आणि तेव्हाही तो पोटातल्या जिवाच्या नावानं विचारतात. चिंच मागितली तर "बाळाला हवी आहे". बाळंत झाल्यावर अळीव, डिंक, खसखस दिली जाते ती दूध यावं म्हणून. तिची स्वतःची भूक या सगळ्यात कुठे मोजली जाते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. लोहाच्या गोळ्या हव्यातच. पण जी बाई घरात सगळ्यांच्या शेवटी जेवते आणि उरलेलं खाते, तिच्या ताटात काय पडतं हा प्रश्न गोळीनं सुटत नाही. आमच्या घरात आता सगळे एकदम बसतो. भाकरी करणारा शेवटची भाकरी तव्यावर टाकून आमच्यात येऊन बसतो. हे सोपं आहे. याला पैसे पडत नाहीत.

सातव्या महिन्यात माझ्या आईनं डोहाळजेवणाचा आग्रह धरला. मी दोन अटी घातल्या. वाट्या झाकून पेढा की बर्फी ओळखायचा खेळ होणार नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध इथल्या कार्यकर्त्यांनी लढून १९८८ साली राज्यात कायदा करून घेतला, मग १९९४ साली तो देशाचा झाला. आणि आपल्याच घरात आपण मुलगा का मुलगी म्हणून वाट्या उघडायच्या, हे मला जमणार नव्हतं. दुसरी अट अशी की समोरच्या काकू माझी ओटी भरतील. त्यांचे यजमान जाऊन चार वर्षं झाली. त्या आधी नको नको म्हणाल्या, मग नवी साडी नेसून आल्या. जेवण नवऱ्यानं आणि त्याच्या दोन मित्रांनी केलं. मसालेभात थोडा लागला होता.

इथवर वाचून तुम्हीही म्हणाल, नशीबवान आहेस बाई. आता भांडणाकडे येते.

आम्हा दोघांना नाटकाचं वेड आहे. आमची ओळखच तालमीत झाली. सांगलीत राहणाऱ्या माणसाला नाटक वेगळं शिकवावं लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात, आणि मराठी रंगभूमी आपला इतिहास तिथून मोजते. आमची हौशी संस्था आहे. दरवर्षी राज्य नाट्यस्पर्धेला नाटक बसवायचं, त्यासाठी दोन-अडीच महिने रोज रात्री आठ ते अकरा तालीम, हे आमचं ठरलेलं. लग्नानंतरही आम्ही दोघं जात राहिलो. ओळखीचे लोक म्हणायचे, "किती छान, दोघांना एकच आवड!" मलाही ते छान वाटायचं. तालमीनंतर तो मित्रांबरोबर टपरीवर चहा घेत रंगलेला असायचा आणि मी घरी येऊन विरजण लावायची, एवढा फरक होता. पण त्याकडे मी फारसं बघत नव्हते.

जुलैमध्ये यंदाच्या नाटकाचं वाचन झालं. आमचे दिग्दर्शक वडीलधारे आहेत, मायाळू आहेत. त्यांनी भूमिका वाटल्या. नवऱ्याला वकिलाची मध्यवर्ती भूमिका दिली. मला म्हणाले, "तू यंदा आराम कर गं. जमलंच तर कपडेपटाचं बघ. पोरगं मोठं झालं की ये परत." सगळ्यांनी प्रेमानं माना डोलावल्या. माझ्या नवऱ्यानंही.

माझी तारीख ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातली. स्पर्धेतला प्रयोग नोव्हेंबरच्या अखेरीला. तालमी सप्टेंबरच्या मध्यापासून. म्हणजे मला दिवस भरत आलेले असताना, मी बाळंत होत असताना आणि पाच आठवड्यांचं मूल रात्री रडत असताना याचा रोज आठ ते अकरा तालमीचा वेळ. हा हिशेब त्या खोलीत कुणीच केला नाही. माझी तारीख पाठ असलेल्या माणसानंही केला नाही. नवव्या महिन्यात मला रंगमंचावर उभं राहायचं होतं असं नाही. मला टोचलं ते वेगळंच. मूल दोघांचं, पण 'यंदा कुणाला जमणार नाही' हे ठरवताना सगळ्यांनी एकीकडेच बघितलं.

घरी येताना मी बोटांवर मोजत आले. या संस्थेत मी अकरा वर्षं आहे. या काळात मूल झाल्यावर तालमीला यायच्या थांबलेल्या बायका सात. त्यांतली परत आलेली एक, तीही मुलगी दहावी झाल्यावर. याच काळात बाप झालेले पुरुष नऊ. त्यांपैकी थांबलेला एकही नाही. आमच्यातली सगळ्यात ताकदीची नटी आता प्रयोगाला पुढच्या रांगेत बसते आणि कडेवरचं मूल कुरकुरलं की उठून बाहेर जाते. १८४३ साली सीता पुरुषानं केली, कारण बाईनं रंगभूमीवर यायचंच नाही असा दंडक होता. आज आम्हाला कुणी मनाई करत नाही. "पोरगं मोठं झालं की ये" म्हणतात, आणि बाई घरी बसते.

त्या रात्री मी हे सगळं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मी घरात एवढं करतो! अजून काय करू?"

मैत्रिणींनो, या वाक्यापाशी मी गप्प झाले. खरंच तो एवढं करत होता. पाच मिनिटं मला वाटलं, मीच कृतघ्न आहे. मग लक्षात आलं की त्याच्या काही महिन्यांच्या भाकरीनं माझं तोंड बंद होत होतं. माझ्या सहा वर्षांच्या भाकरीनं त्याचं एकदाही झालं नव्हतं. पुरुषानं केलेलं घरकाम उपकाराच्या खात्यात जमा होतं आणि वेळ आली की त्यावर उचल मागता येते. बाईचं काम कुठल्याच खात्यात जमा होत नाही.

गेल्या काही दिवसांत मी याच गोष्टीचा विचार करते आहे. घरकामाची वाटणी म्हटली की आपण कामाचे तास मोजतो. भाकरी कुणी केली, धुणं कुणी धुतलं. ते मोजायलाच हवं. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळवापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात असं दिसलं, आणि पुरुषांची ८८. ही ८८ मिनिटंही सगळ्या पुरुषांची नाहीत. जे घरकामाला हात लावतात तेवढ्यांचीच. पण आपण फुरसतीचे तास मोजत नाही. घरातल्या कुणाला रोज स्वतःच्या हक्काचा, कुणाची परवानगी न मागता वापरता येईल असा वेळ आहे, आणि किती, हे कुठल्या घरात मोजतात?

जुनी पद्धत आठवून बघा. पुरुषाला पार होता, तालीम होती, भजनाचा फड होता, पत्त्यांचा डाव होता. तिथं जाताना तो हात मोकळे ठेवून जायचा. बाईनं गायलं ते जात्यावर. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. इतकी मोठी कविता बायकांनी रचली ती दळता दळता. एरवी पाळणा हलवताना गाणं, बोलता बोलता विणकाम. सणाचा झिम्मा-फुगडी सोडली, तर बाईची हौस हात कामात असतानाच चालवून घेतली गेली. नुसतं बसून, आपल्यासाठी म्हणून काही करणारी बाई आजही लोकांच्या डोळ्यांत खुपते. आणि ज्या जोडप्यांचा छंद एकच असतो, तिथं मूल येताच तो कुणाचा हे उघडं पडतं. दोघांना एकदम घराबाहेर जाता येत नाही. एकच जण जाणार. तो कोण, हे मूल जन्मायच्या आधीच, कुणीही न विचारता ठरून गेलेलं असतं.

आमच्या गटाच्या बैठकीत मी हे बोलले तेव्हा ऊसतोड कामगारांमध्ये काम करणारी एक मैत्रीण म्हणाली, "तुझं बरोबर आहे, पण हे नाटकबिटक म्हणजे पोट भरलेल्यांचे प्रश्न." तिचा मुद्दा मी टाळणार नाही. हंगाम सुरू झाला की बीडकडून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आमच्या भागातल्या कारखान्यांवर टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरतात आणि उचलही त्या जोडीला मिळते. दोघं दिवसभर फडात बरोबरीनं राबतात. पण कोपीवर पहाटे अंधारात उठून चूल पेटवणारी एकटी ती असते, आणि परतल्यावर पुन्हा भाकरी थापणारीही तीच. पोटुशी असली तरी. बीडच्या या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण इतकं बोलकं होतं की २०१९ साली राज्य सरकारला त्यावर समिती नेमावी लागली. मी मैत्रिणीला एवढंच म्हटलं की प्रश्न तोच आहे. माझ्या फुरसतीचं नाव तालीम आहे, तिच्या फुरसतीचं नाव झोप. तो कोपीबाहेर टेकतो तेव्हा तिला टेकता येत नाही. तिची झोप आधी मागायला हवी हे मला मान्य आहे. पण ती मागताना आपण विश्रांतीचा हक्क म्हणूनच मागू या, पोटातल्या बाळाच्या तब्येतीसाठी म्हणून नको.

आता आम्ही काय ठरवलं ते सांगते, म्हणजे नुसती तक्रार राहणार नाही.

पहिलं म्हणजे मी बाळंतपणाला माहेरी जाणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मायेची आहे हे मला कळतं. सासरी जिला घासभर गरम मिळत नव्हतं तिला तीन महिने आईनं न्यावं, यात शहाणपणच होतं. पण त्या रितीनं आणखी एक गोष्ट होते. मूल रात्री जागवतं ते तीन महिने बाप लांब राहतो. दुपटी धुणं, रात्री उठणं, बाळंतिणीचं खाणं, सगळं माझ्या आईच्या अंगावर पडतं. चौथ्या महिन्यात मी परत येते तोवर मुलाचं सगळं मलाच येत असतं आणि त्याला काहीच येत नसतं. मग पुढची वीस वर्षं "तुला जमतं, तूच कर". आई रुसली. तिला म्हटलं, तू पंधरा दिवस ये, पण पाहुणी म्हणून ये, आणि अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळाला पायावर घेऊन आंघोळ घालणं हे सगळं जावयाला शिकव. ती अजून पुरती हसलेली नाही. पण येते म्हणाली आहे.

रजेचा प्रश्न आहेच. मला सहा महिने बाळंतपणाची रजा आहे. तो खासगी कंपनीत हिशेबाचं काम करतो, त्याला एक दिवसही नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पंधरा दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापाला रजा दिलीच पाहिजे असा कायदा देशात नाही. २०१७ साली बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली ती हवीच होती. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघराची सोय हवी हेही त्याच कायद्यानं सांगितलं. पण बापाचं नाव त्यात नाही. मालकाच्या हिशेबात मग मूल म्हणजे बाई कामाला ठेवण्याचा खर्च, एवढंच उरतं. बापाची रजा ही पुरुषांची मागणी आहे असं समजून आपण ती बाजूला ठेवतो. ती आपल्या मागणीपत्रकात यायला हवी. माझ्या नवऱ्यानं साठवलेल्या हक्काच्या रजेतले अठरा दिवस मागितले आहेत. मिळतील असं वाटतं.

नाटकाचं म्हणाल तर त्यानं वकिलाची भूमिका सोडली. मी "सोड" म्हटलं नव्हतं. भांडणानंतर तिसऱ्या दिवशी कॅलेंडरपुढे उभा राहून तो बराच वेळ तारखा बघत होता. दिग्दर्शकांनी विचारलं, "बायकोनं सांगितलं वाटतं?" तो म्हणाला, "नाही, तारखा बघितल्या." संस्थेत यावर बरीच कुजबुज झाली. तो बायकोच्या मुठीत असल्याचं ठरलं. मला विजय वगैरे वाटला नाही. रंगमंचावर तो मला फार आवडतो, आणि तो दोन दिवस घरात मुका वावरत होता. हे सोपं नसतं, हे मी लपवत नाही. हक्कानं मिळणारी गोष्ट सोडावी लागते तेव्हा दुखतं. बायकांना ते दुखणं इतकं सवयीचं असतं की ते दुखतं आहे हेच कुणाला दिसत नाही, एवढंच.

पुढच्या वर्षी मी निवडीला उभी राहणार. भूमिका मिळेल न मिळेल. पण तालमीच्या काळात मूल त्याच्याकडे असेल आणि रात्री अकराला घरी येऊन मी विरजण लावणार नाही. त्याच्या पुढच्या वर्षी त्याची पाळी. कपडेपट मी नाकारला. संस्थेकडे आम्ही दोघांनी मिळून लेखी मागणी दिली आहे की तालमी संध्याकाळी साडेसहाला सुरू व्हाव्यात, आणि शेजारची रिकामी खोली मुलांसाठी उघडावी, जिथं आळीपाळीनं सगळे बसतील, पुरुषसुद्धा. आपल्या शिबिरांमध्ये आपण हे करतो, तर नाट्यसंस्थेत का होऊ नये? अजून उत्तर आलेलं नाही.

एवढ्यात एक नवीन सवय मात्र लागली आहे. संध्याकाळी तो परात घेऊन बसतो आणि मी समोर खुर्चीत पाय वर घेऊन नाटकाचं पुस्तक उघडते. बायकांचे संवाद मी वाचते, पुरुषांचे त्याला येत असतील तर तो म्हणतो, नसतील तर मीच. सासूबाई स्टूलावरून "जरा मोठ्यानं वाच" म्हणतात. जात्यावरच्या ओवीसारखंच आहे हे. हात कामात आणि तोंडात शब्द. या वेळी हात त्याचे आहेत.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बहुधा आमचं मूल आलेलं असेल. आत्ता जे कॅलेंडरवर लिहिलंय ते तेव्हा किती टिकेल, मला माहीत नाही. गरोदरपणातलं कौतुक ओसरल्यावर पुरुष ओट्यापाशी उभा राहतो का, हीच खरी परीक्षा, आणि ती आमची अजून व्हायची आहे. काय झालं ते एक वर्षानं याच पानावर कळवीन. फसलं असेल तर तेही.

तोवर एक करून बघा. तुमच्या गटातल्या प्रत्येकीनं एक आठवडाभर घरातल्या प्रत्येकाची फुरसत लिहून काढा. कामं लिहू नका, ती आपण पुष्कळ लिहिली. कोण किती वेळ, कुणालाही न विचारता, हात मोकळे ठेवून बसलं, तेवढंच लिहा. मग बैठकीत वह्या समोर ठेवा. ज्यांच्याकडे मूल येऊ घातलंय त्यांनी हे दोघांनी मिळून आत्ताच करावं. नंतर कुणाला वेळ असतो?